ह्यांची कंबर आणि आईचे पाय

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. सव्वीस वर्षं झाली. उंच इमारतीच्या गच्चीवर लिफ्टचं यंत्र ठेवलेली एक लहानशी खोली असते, तिथे त्यांचा निम्मा दिवस जातो. अंगाने पहिल्यापासून काटकुळे. लग्नात माझ्या मैत्रिणीने कानाशी लागून विचारलं होतं, "वाऱ्याने उडणार तर नाहीत ना गं?" उडाले नाहीत, पण चाळिशी ओलांडल्यावर पोट तेवढं पुढे आलं. हात काड्या, पाय काड्या, आणि मधोमध हे गाठोडं. समोरून पाहिलं तर बारीक माणूस, आणि बाजूने पाहिलं तर कुणाचं तरी सामान उचलून निघालेला.

मी घरीच कपडे दुरुस्तीची कामं घेते. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर. ह्यांच्या पँटी दोन वर्षांत तीनदा उसवून कंबरेत वाढवल्या. दर वेळी ह्यांचं एकच पालुपद, "कापड आटलंय गं." मी मान डोलवायचे. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला माप सांगायचं नसतं, कपडा बसवून द्यायचा असतो. नवरा झाला म्हणून काय झालं!

एके दिवशी संध्याकाळी हे घरी आले तेव्हा सदऱ्यावर आडवा काळा पट्टा होता. बरोबर पोटाच्या सर्वांत पुढच्या टोकावर, पट्टीने आखल्यासारखा.

"हे काय?" मी विचारलं.

"ग्रीस."

"ते कळलं. इतकं सरळ कसं लागलं?"

मग हळूहळू बाहेर आलं. एका जुन्या इमारतीत लिफ्ट अडकली होती, आत चार माणसं. तिथल्या वरच्या खोलीत यंत्र आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम सव्वा वीत फट आहे. आडवं होऊन तिच्यातून पलीकडे गेलं की यंत्राचा ब्रेक हाताशी येतो. वीस वर्षं हे त्या फटीतून जात होते. त्या दिवशी मात्र अर्ध्यात अडकले. श्वास आत ओढला, पुढे सरकेनात. श्वास सोडला, मागे येईनात. खाली लिफ्टमध्ये चार माणसं अडकलेली आणि वर त्यांना सोडवणारा अडकलेला. शेवटी रखवालदाराने हाताला धरून ओढून काढलं, सदऱ्याची दोन बटणं तिथेच राहिली. दुसरा कारागीर येईपर्यंत ती माणसं आत पाऊण तास उभी होती.

मी तोंडाला पदर लावला, तरी हसू फुटलंच. हेही हसले. पण त्या दिवशी जेवताना दुसऱ्यांदा काही घेतलं नाही, आणि पानावरून उठताना माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात कंपनीची वर्षाची तपासणी होती. घरी आले ते छाती काढून. "वजन चौसष्ट किलो. डॉक्टर म्हणाल्या, उंचीला अगदी बरोबर आहे." एवढंच सांगितलं. बाकीचं मला नंतर कळलं. वजनकाट्यावरून उतरल्यावर त्या डॉक्टरीणबाईंनी टेप काढून कंबर मोजली होती. सत्त्याण्णव सेंटीमीटर. मग त्यांनी समजावलं होतं की, "तुमचं वजन कमी करायचं नाही, पोट कमी करायचं आहे. हातापायांत स्नायू थोडे आणि पोटात चरबी फार, असा तुमचा हिशेब आहे. रोज चाला, जोर लागेल असा व्यायाम करा आणि पोटभर नीट जेवा. उपास केलात तर आधी जे हवंय तेच जाईल." ह्यांनी त्यातलं 'पोट कमी करा' एवढं ऐकलं आणि बाकीचं त्या खोलीतच ठेवून आले.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांचं जेवण निम्म्यावर आलं. रात्री तर नुसतं सूप. विचारलं की म्हणायचे, "भूक नाही." डब्यातलं तसंच परत यायचं. पोटाला असा चिमटा काढत पाच आठवडे गेले. गाल बसले, गळ्याची हाडं दिसायला लागली, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरायला लागलं. आणि पोट? पोट होतं तिथेच होतं. उलट बाकीचा माणूस आटल्यामुळे ते आणखीच उठून दिसायला लागलं.

ह्याच दिवसांत माझी आई आमच्याकडे होती. आई एकटी राहायची, आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, तिसऱ्या मजल्यावर. जावई लिफ्टवाला आणि सासूच्या इमारतीला लिफ्ट नाही, ह्यावरून सगळे आम्हाला हसायचे. न्हाणीघरात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि आम्ही तिला घरी घेऊन आलो. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीच्या बाई यायच्या. त्या समोर असेपर्यंत आई वॉकर धरून चार पावलं टाकायची. बाईंची पाठ वळली की आई खिडकीजवळच्या खुर्चीत, आणि खुर्ची म्हणजे सिंहासन. "उद्या करू" हे तिचं ठरलेलं वाक्य.

आई आणि हे ह्यांच्याबद्दल एक सांगायला हवं. चोवीस वर्षांत दोघं एकमेकांशी थेट बोललेलेच नव्हते म्हटलं तरी चालेल. भांडण नव्हतं, काही नव्हतं. नुसता संकोच. हे हातभर अंतरावर उभे असताना आई मला म्हणायची, "अगं, ह्यांना सांग, चहा गार होतोय." आणि हे मला म्हणायचे, "आईंना विचार, पंखा लावू का?" मी मध्ये टेलिफोन एक्स्चेंज. गंमत म्हणजे आईने तीस वर्षं खरंच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. परक्या हजार माणसांशी बोलली असेल, पण जावई समोर आला की लाईन बंद.

एके दिवशी दुपारी मी शेजारच्या इमारतीत शिवलेले कपडे पोचवायला गेले होते. परत आले आणि दारातच थांबले. हे जेवायच्या टेबलाशी बसून उकडलेली अंडी आणि पाव खात होते. समोर वॉकरला टेकून आई उभी. स्वतःहून उभी!

"अजून एक घ्या," आई म्हणत होती.

"पुरे, आई."

"पुरे काय? हात बघा कसे थरथरतायत. घ्या म्हणते ना."

मी बावळटासारखं विचारलं, "काय झालं?"

"तू आधी चहा टाक," दोघं एकदमच म्हणाले.

झालं असं होतं. एका कचेरीच्या इमारतीत वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. अशा वेळी वरच्या खोलीत एकाने ब्रेकचा दांडा धरायचा आणि दुसऱ्याने यंत्राचं मोठं चाक हाताने फिरवत लिफ्ट मजल्याला आणायची. ब्रेक रखवालदार धरतो, चाक हे फिरवतात. सव्वीस वर्षं फिरवलंय. त्या दिवशी चाक हलेना. चाकात काही बिघाड नव्हता, ह्यांच्या हातांतच जोर नव्हता. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून हे खाली बसले. मग रखवालदाराने चाक फिरवलं आणि ह्यांनी बसल्या बसल्या दांडा धरला. आतून बाहेर पडलेल्या बाईंनी हात जोडून रखवालदाराचे आभार मानले.

हे अर्धी सुट्टी टाकून घरी आले, खुर्चीत बसले आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण काही केल्या उघडेना. खिडकीजवळून आई ते बघत होती. निरोप द्यायला मी घरात नव्हते. तेव्हा आईने चोवीस वर्षांत पहिल्यांदा सरळ विचारलं, "जावईबापू, तुम्ही जेवलात का?"

हे म्हणाले, "नाही." आणि मग, आईच्या सांगण्याप्रमाणे, "त्यांनी सगळं सांगितलं." ह्यांच्या सांगण्याप्रमाणे, "त्यांनी सगळं काढून घेतलं." ग्रीसचा पट्टा, डॉक्टरीणबाईंचा टेप, पाच आठवड्यांचं सूप. त्या टेपबद्दल मला एक अक्षर माहीत नव्हतं आणि माझ्या आईला तासाभरात सगळं पाठ झालं! राग आला, खोटं कशाला बोलू? पण चहा टाकायला गेले तेव्हा ओट्याशी उभी राहून मी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी फिजिओच्या बाई आल्या. दणकट बाई, बोलणं त्यांच्याहून दणकट. आईने ह्यांना मुद्दाम थांबवून घेतलं होतं.

"ह्यांना पण काहीतरी सांगा," आई म्हणाली. "पोटासाठी."

बाईंनी डॉक्टरांचा कागद वाचला. ह्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "वजन किती आता?"

"साठ," हे अपराध्यासारखे म्हणाले.

"म्हणजे चार किलो गेले, आणि कंबर?"

कंबर मी मोजली. सहाण्णव.

"बघा," बाई म्हणाल्या, "चार किलो घालवलेत, त्यात बरेचसे हातापायांतले घालवलेत. पोटातल्या भाडेकरूने भाडंही दिलं नाही आणि जागाही सोडली नाही."

"मग पोटाचा व्यायाम कुठला?" ह्यांनी विचारलं. "ते आडवं पडून डोकं उचलतात तसं?"

"ते करा, पोटाचे स्नायू बळकट होतील. पण पोटावरची चरबी पोट हलवून जात नाही. सगळं अंग कामाला लावावं लागतं, मग कुठली चरबी आधी काढायची ते शरीर ठरवतं. तुमच्या हातात फक्त रोज करणं आहे. आणि जेवणं. नीट, पोटभर, वेळेवर." मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "आईंचे व्यायाम आहेत ना? तेच करा. खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर, पायरीवर चढ-उतर. त्यांनी पाच केले की तुम्ही पंधरा. आणि तुमची ती हत्यारांची पिशवी? ती दोन हातांनी उचला, ठेवा. बाकी रोज अर्धा तास झपाझप चाला, बोलता येईल पण गाता येणार नाही इतकं झपाझप."

"मला गाता येतच नाही," हे म्हणाले.

"मग सोपंच आहे."

आईने तिथल्या तिथे अट घातली. "हे करणार असतील तर मी करीन. ह्यांनी बुडवला तर मीही बुडवणार." आणि ह्यांना म्हणाली, "माझा पाय आता तुमच्या पोटावर आहे, लक्षात ठेवा." आपण काय बोललो ते आईला बोलल्यावर कळलं आणि ती स्वतःच पोट धरून हसली. आजारपणात पहिल्यांदा मी तिला तसं हसताना पाहिलं.

सकाळी सहाला सुरू व्हायचं. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी. आई मोजायची, अगदी एक्स्चेंजमधल्या आवाजात, स्पष्ट, ना चढ ना उतार. "एक. दोन. तीन." हे मध्ये दम खायला थांबले की, "लाईनवर राहा, जावईबापू." मी आत शिवणयंत्रावर असायचे. माझा कात्रीचा आवाज आणि आईची मोजणी, एवढंच घरात ऐकू यायचं. पहिल्या आठवड्यात ह्यांच्या मांड्या इतक्या दुखल्या की जिना उतरताना उलटे उतरायचे. आई म्हणायची, "माझं हाड मोडलंय आणि कण्हताय तुम्ही."

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी माप घ्यायचे. माझा टेप, माझी वही. पहिल्या महिन्याअखेर कंबर चौऱ्याण्णव झाली, आणि वजन साठवरून साडेबासष्ट. हे काट्यावर उभे राहिले आणि चेहरा पडला.

"वाढलं!"

"वाढलं ते हातापायांत गेलंय," मी म्हटलं. "दंड बघा. सदऱ्याच्या बाह्या भरल्यात."

"पण वाढलं ना?"

खुर्चीतून आई म्हणाली, "जावईबापू, हिचा टेप खरा मानायचा का काटा, ते एकदा ठरवा. दोन घड्याळं बघणाऱ्याला वेळ कधीच कळत नाही." तेव्हापासून ह्यांनी काट्याकडे बघणं सोडलं. काटा पलंगाखाली गेला.

सगळं सुरळीत चाललं होतं असं नाही. तिसऱ्या महिन्यात ह्यांच्या कंपनीत कामाचा रेटा आला. एक दिवस बुडाला, दोन बुडाले, मग हे म्हणायला लागले, "पुढच्या आठवड्यापासून." आईने शब्द पाळला. तीही खुर्चीतून उठेना. वॉकर भिंतीला लावून ठेवला. मी एकीला समजावायचे, मग दुसऱ्याला. जुनं टेलिफोन एक्स्चेंज पुन्हा सुरू. "ह्यांना सांग, माझे पाय आखडलेत." "आईंना सांग, मला वेळ नाहीये."

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी आतल्या खोलीत एका कोटाचं अस्तर लावत होते. दार अर्धवट उघडं होतं. बाहेर आई बोलली, आणि मला उद्देशून नाही.

"जावईबापू, एक विचारू? मी उठत नाही, कारण मला पुन्हा पडायची भीती वाटते. आळस नाही तो. 'उद्या' म्हणते तेव्हा न्हाणीघरातली ती फरशी डोळ्यांपुढे असते. कुणाला सांगितलं नाही, लेकीलाही नाही. आता तुम्ही सांगा. तुम्ही का उठत नाही?"

माझा पाय शिवणयंत्राच्या पायट्यावर होता, तो मी तसाच धरून ठेवला.

"माझे वडील असेच होते," हे म्हणाले. "बारीक अंग आणि पुढे पोट. सगळे म्हणायचे, ह्याला काय धाड भरलीये, सडपातळ माणूस. चौपन्नाव्या वर्षी सकाळी बूट घालायला वाकले आणि तिथेच गेले. हृदय. मला बावन्न आहे. अडकलो ना त्या फटीत, तेव्हा हाच विचार आला, की आता दोन वर्षं राहिली. व्यायाम करायला लागलो की सारखं तेच मोजत बसतो. एक, दोन... त्यापेक्षा कामात बरं, तिथे आठवत नाही."

चोवीस वर्षं एका घरात राहिलो आम्ही. वडील हृदयविकाराने गेले हे मला माहीत होतं. ती दोन वर्षं मोजत बसतात हे माहीत नव्हतं. हातातलं अस्तर मी मांडीवर ठेवलं आणि भिंतीकडे बघत राहिले.

आई म्हणाली, "तुमच्या वडिलांची कंबर कुणी मोजली होती का?"

"नाही."

"त्यांना रोज सकाळी सहाला कुणी उठवलं होतं?"

"नाही."

"मग त्यांचे आकडे तुमच्या वहीत कशाला लिहिता? आणि मोजायचं काम माझं आहे. तुम्ही मोजू नका. तुम्ही नुसतं उठा आणि बसा."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यानंतर दुसरी. संध्याकाळची वेळ, व्यायामाची नव्हेच. पण आई म्हणाली, "एक."

त्यानंतर ह्यांनी एकदाची हृदयाची तपासणी करून घेतली. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं, मीच मागे लागले. सगळं ठीक निघालं, रक्तातली साखर जरा काठावर, तीही पुढे उतरली. मी जेवणाकडे लक्ष घातलं. उपास बंद, दुपारच्या चहाबरोबर पाच बिस्किटं खायचे ती दोनवर आणली, अंडं, डाळी, फळं वाढवली. बाकी काही जगावेगळं केलं नाही. पाचव्या महिन्यात त्या जुन्या इमारतीतली लिफ्ट पुन्हा अडकली आणि हे फटीतून पलीकडे गेले. घरी आल्यावर जेवता जेवता सांगितलं, आणि लगेच भाजी मागितली.

आईचा वॉकर गेला, काठी आली. मग आमच्या इमारतीचा जिना सुरू झाला. आधी चार पायऱ्या, मग एक मजला. हे तिच्या मागे दोन पायऱ्या सोडून चढायचे, खांद्यावर हत्यारांची पिशवी. लिफ्टवाला माणूस आणि त्याची सासू रोज सकाळी लिफ्टच्या शेजारून जिना चढतात, ह्याची बघणाऱ्यांना मोठी मौज वाटायची. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "का हो, लिफ्ट बंद आहे का?" आई म्हणाली, "लिफ्ट चालू आहे. आम्ही बंद पडलो होतो."

दहाव्या महिन्यात आईने न थांबता चौपन्न पायऱ्या चढून दाखवल्या. चौपन्नच का, ते मला वर पोचल्यावर कळलं. तिच्या स्वतःच्या घरापर्यंत चौपन्न पायऱ्या आहेत.

"मी आता घरी जाते," ती म्हणाली.

मी साफ नाही म्हटलं. पुन्हा पडलीस तर? एकटी कशी राहशील? इथे काय कमी आहे? मी बोलत राहिले आणि आई काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिली. मी ह्यांच्याकडे बघितलं, म्हणजे माझी बाजू घेतील. हे म्हणाले, "जाऊ दे त्यांना. स्वतःच्या घरी जायचं म्हणूनच तर उठल्या त्या."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तिसऱ्या महिन्यापासून," हे म्हणाले. आणि आई खिडकीबाहेर बघायला लागली. दोघांच्याही पोटात किती काय काय मावतं!

ह्यांनी आधी तिच्या घरी जाऊन न्हाणीघरात दोन दांडे बसवले, भिंतीत खोल ठोकून. स्वतः लोंबकळून बघितलं. मग एका रविवारी आम्ही तिला पोचवून आलो. ती एकेक पायरी चढली, दार उघडलं, खिडक्या उघडल्या आणि म्हणाली, "तुम्ही आता निघा, मला घर झाडायचंय."

त्याच आठवड्यात कंपनीची तपासणी झाली. वजन साडेत्रेसष्ट, म्हणजे वर्षभरापूर्वीच्या चौसष्टाहून कणभरच कमी. कंबर सत्त्याऐंशी. डॉक्टरीणबाईंनी दोनदा मोजली म्हणे. "अजून तीन-चार गेले तर उत्तम," त्या म्हणाल्या, "पण वजन हेच ठेवा. काय केलंत?"

"सासूबाईंबरोबर उठबशा काढल्या," ह्यांनी सांगितलं. बाईंना वाटलं, घरात काहीतरी शिक्षा झाली असावी.

पण घरी आले ते काही छाती काढून नाही. सकाळी सहाला उठायचे, पुढच्या खोलीत जायचे. मी आतून ऐकायचे. खुर्ची सरकायची, चार-पाच उठबशा व्हायच्या, मग शांतता. तीन दिवस असं झालं. मी म्हटलं, "मी मोजू का?" म्हणाले, "मोज." मी मोजलं. सातव्या आकड्याला म्हणाले, "राहू दे गं, तुझं काम पडलंय." मला समजलं. माझा आवाज चांगला असेल, पण तो आवाज नव्हता.

चौथ्या दिवशी जाग आली तेव्हा पलंग रिकामा होता. बूट नव्हते. सातनंतर परतले, घामाघूम, चेहरा उजळलेला. "फिरून आलो," म्हणाले. पाचव्या दिवशीही तसंच. सहाव्या दिवशीही. मी काही विचारलं नाही. माझ्याच माणसांनी शिकवलंय मला, पोटात ठेवायला.

रविवारी मीच त्यांच्या मागून निघाले. आईसाठी शिवलेला पायजमा द्यायचं निमित्त होतं. झपाझप चालणाऱ्या माणसामागे जायचं म्हणजे माझी फेफे उडाली. दहा-दहा तास शिवणयंत्रावर वाकून बसणारी बाई मी, माझी पाठ वळणावळणाला कुरकुरत होती. आईच्या इमारतीत चौपन्न पायऱ्या चढताना मी दोनदा कठड्याला धरून थांबले.

दार उघडंच होतं. आईने बैठकीतलं टेबल भिंतीला सरकवलं होतं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शिक्षिका आणि शेजारचे निवृत्त पोस्टमन एकेका खुर्चीसमोर उभे होते. तिसऱ्या खुर्चीसमोर आमचे हे. आई खिडकीत, काठी बाजूला ठेवलेली.

"बारा," आई म्हणत होती. "जावईबापू, गुडघे. तेरा. पोस्टमन, तुम्ही एक गाळलात."

माझ्यावर तिची नजर गेली. मी दाराची चौकट धरून धापा टाकत होते.

"आलीस? चपला बाहेर काढ," आई म्हणाली. "आणि आतली खुर्ची आण."

मी खुर्ची आणली, ह्यांच्या शेजारी ठेवली आणि हुश्श करून बसले.

"बस म्हटलं नाही अजून," आई म्हणाली.

हे समोर बघत होते, ओठ घट्ट मिटून. पण त्यांचं पोट हसण्याने गदगदत होतं, ते मला बाजूने स्पष्ट दिसलं. मी उठून उभी राहिले.